हात पुढं

“हात पुढं.”

शालनचा डावा हात पुढे झाला. तळवा वर, बोटं जुळलेली, अंगठा आत दुमडलेला. उजव्या हातात पेन तसंच होतं, टेबलावर नव्या पेशंटची फाइल उघडी होती, खिडकीखाली संपिगे रोडवर एक रिक्षावाला कुणाशी तरी कन्नडमध्ये भांडत होता, आणि या सगळ्याच्या मधोमध तो हात हवेत एकटाच थांबला होता. अंगठा आत घेतला की छडी नखावर बसत नाही. हे आपल्याला केव्हा कळलं ते ती विसरून गेली होती. हात विसरला नव्हता. तिने तो ओढून पांढऱ्या कोटाच्या खिशात घातला आणि मगच मान वळवली.

दारातून गंगव्वा आया व्हीलचेअर ढकलत आत येत होती. खुर्चीत एक म्हातारा बसला होता. स्वच्छ धोतर, वर घरचा स्वेटर, उजवा हात मांडीवर कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडलेला, तोंडाची उजवी बाजू उतरलेली. मागे पिशवी सांभाळत त्याची बायको. “घाबरला काय ओ अक्का?” ती हसून म्हणाली. “लकवा मारल्यापासनं एवढं एकच येतंय तोंडात. भूक लागली तरी हेच, झोप आली तरी हेच. काल देवाला नमस्कार करा म्हटलं तर देवालाही हेच. सारा जन्म मास्तरकी केली, दुसरं काय शिल्लक राहणार?” गंगव्वाही हसली. तिला मराठी अर्धंच कळायचं, पण हसण्याची जागा बरोबर कळायची. शालनने फाइलवरचं नाव वाचलं. नरसिंहराव हुक्केरीकर. निवृत्त मुख्याध्यापक. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव, उजवं अंग निकामी, वाचा गेलेली, ऐकलेलं बरंचसं समजतं. असे पेशंट तिने पाहिले होते. सगळे शब्द पुसले जातात आणि एखादाच, आयुष्यभर घासून गुळगुळीत झालेला, मागे उरतो. बीटीएस बसच्या एका निवृत्त कंडक्टरला फक्त ‘रैट, रैट’ एवढंच यायचं. वेदना झाली की तो रडत रडत रैट रैट म्हणायचा, आणि ती त्याच्याबरोबर थोडं रडलीही होती.

“तुम्ही आमच्याकडच्या वाटताय,” बाई म्हणाली. “मी विमला. निपाणीकडच्या का तुम्ही? चिकोडी?”

“इथलीच,” शालन म्हणाली. कोटावरच्या बिल्ल्यावर नवऱ्याचं आडनाव होतं. तेवढं पुरेसं होतं.

शालनचं काम साधं सांगायचं तर माणसांना हात परत शिकवायचं. शर्टाचं बटण लावणं, चमच्याने आमटी तोंडापर्यंत नेणं, कंगवा, कुलूप, पेन. गेलेला हात थोडाफार परत येत असेल तर तो, नाहीच येत असेल तर दुसरा. नरसिंहरावांची उजवी बोटं तिने एक एक उघडून पाहिली. काही नव्हतं. खांदा जरासा वर व्हायचा, बाकी सगळं शांत. म्हणजे यापुढे या माणसाला जे काही करायचं ते डाव्या हाताने. तिने फाइलमध्ये तसं लिहिलं. लिहिताना तिला दिसलं की आपलं अक्षर नेहमीपेक्षा जास्त सुंदर येतंय, प्रत्येक उभी रेघ सरळ, प्रत्येक वेलांटी भरीव, आणि तिने पेन थांबवलं. हे अक्षर समोर बसलेल्या माणसाचं होतं. त्यानेच तिच्या बोटांत ते भरलं होतं. कुठेतरी खोल, अगदी थंड, एक आनंद हलला.

दसऱ्याला शाळेत घातलं होतं तिला. नवा परकर, नवी पाटी, वडिलांच्या अंगाला तंबाखूच्या वखारीचा वास. मास्तरांनी पाटीवर श्री गिरवायला सांगितलं आणि तिने पेन्सिल उचलली, जशी ती भाकरीचा तुकडा उचलायची, जसा दगड उचलायची. मास्तर हसले. त्यांनी तिच्या डाव्या हातातून पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. तिने ती परत डाव्यात घेतली. वर्गातली मोठी मुलं हसली. “हा हात धुवायचा,” मास्तर तिच्या डाव्या हाताला बोट लावून म्हणाले, “आणि हा लिहायचा. एवढं तर गाढवालाही कळतं.” ते ओरडणारे मास्तर नव्हते, हे तिला नेहमी आठवायचं. ओरडणाऱ्या मास्तरांची मुलं पुढे गमतीने आठवण काढतात. नरसिंहराव मास्तर कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास असायचा. ते जवळ येऊन उकिडवे बसायचे, खिशातून धुतलेला रुमाल काढायचे, तिचं डावं मनगट तिच्याच परकराच्या नाडीला पाठीमागे बांधायचे, इतक्या हळुवारपणे की पहिल्या दिवशी तिला वाटलं हा काहीतरी खेळ असावा. मग पाटी मांडीवरून घसरू लागली. लिहिताना दुसऱ्या हाताने पाटी धरावी लागते, हे तोवर तिला माहीत नव्हतं. उजव्या हाताने रेघ ओढायला गेलं की पाटी पुढे जायची, रेघ कुठेतरी भलतीकडे जायची, पाटी खाली पडायची. शेजारची मुलगी एकदा धरायला गेली. “तिची ती धरील,” मास्तर म्हणाले. पाटी पडली की ‘हात पुढं’. छडी डाव्या तळव्यावर, कारण चूक त्याची. त्यासाठी गाठ सोडायची, मार झाला की पुन्हा बांधायची. तेवढ्या वेळापुरता हात मोकळा असायचा, आणि काही दिवसांनी तर त्या मोकळेपणासाठी ती पाटी मुद्दाम पाडू लागली.

दिवाळीपर्यंत तिची जीभ अडकायला लागली. सगळ्यात जास्त ‘श’वर. हजेरीत नाव आलं की बाकीची मुलं उठून नाव सांगायची; ती उठायची आणि दातांमधून नुसती हवा जायची. मुलं तिला ‘लन’ म्हणू लागली. ए लन, तुझा श शाळेत हरवला का गं. घरी आईने जिभेला वेखंड लावलं. वडील शाळेत गेले, तेव्हा तिला वाटलं आता काहीतरी होईल. ती दोघांच्या मध्ये उभी होती, तिची मान वडिलांच्या कमरेइतकी. वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. “मास्तर, तुमच्या पदरात घातलीय. कातडं सोला, हाडं तेवढी घरी पाठवा.” दोघंही हसले. वखारीत दिवसभर पोती मोजणाऱ्या त्या माणसाला यापेक्षा मोठा आदर दाखवता येत नव्हता, हे तिला पुढे समजलं, पण त्यामुळे काही फरक पडला नाही. त्या क्षणी तिला इतकंच समजलं होतं की जगात यापुढे जायला जागा नाही. मास्तरांच्या वर वडील, वडिलांच्या वर देव, आणि तिघंही एकमेकांना ओळखत होते.

आणि त्याच सुमारास ती एकदा बसल्या जागी ओली झाली होती. हात मागे बांधलेला, नाडीची गाठ रुमालाच्या गाठीत अडकलेली, विचारायला जावं तर ‘श’ तर नाहीच, ‘मास्तर’मधला ‘मा’ही फुटेना. पाणी बस्करावरून शेजारच्या मुलाच्या पाटीपर्यंत गेलं. मास्तरांनी वर्गाला पाढे म्हणायला लावले, मोठ्याने, म्हणजे लक्ष तिकडे राहील. ही त्यांची दया होती. तिला ती दयाच सगळ्यात जास्त लक्षात राहिली.

विमलाबाई खूप बोलायची. मुलाने जे. पी. नगरला घर बांधलंय, म्हणून गाव सोडून आलो; इथली हवा मानवली नाही यांना; इथे कुणी नमस्कार करत नाही. “गावात बाहेर पडले की पोरं सायकलवरनं उतरायची, अक्का. जिल्ह्याचं आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळालीय. कितीतरी पोरं मार्गी लावली. आता बघा, चमचा धरता येईना.” नरसिंहराव मान खाली घालून ऐकायचे. शालन त्यांच्या डाव्या हातात लाकडी खुंट्या द्यायची आणि फळ्याच्या भोकांत बसवायला सांगायची. हात थरथरायचा. खुंटी पडायची. ती उचलून पुन्हा द्यायची, न बोलता. बाकीच्या पेशंटांशी ती बोलायची, चेष्टा करायची, त्यांच्या नातवंडांची नावं तिला पाठ असायची. गंगव्वाने एकदा विचारलंही, “याके अक्का, या अज्जांशी का बोलत नाही?” “त्यांना बोलता येत नाही ना,” शालन म्हणाली. गंगव्वाने ‘सरी’, बरं, म्हटलं, पण खोलीबाहेर जाताना एकदा मागे वळून पाहिलं.

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. कुठेतरी ओळखीची चमक येते का. येत नव्हती. तिला माहीत होतं की येणार नाही. तिच्यासारख्या कितीतरी मुली त्या बस्करावरून गेल्या असतील. आणि तिच्यासारखे डावरे हातही. छडी मारणाऱ्याला एक वर्ग दिसत असतो. मार खाणाऱ्याला एकच माणूस दिसतो. हे असमान होतं, आणि तीस वर्षं तिच्या मनात जे साचलं होतं ते माराबद्दल नव्हतं तेवढं या असमानतेबद्दल होतं. तिने कॉलेजात असताना, लग्नाच्या आदल्या दिवशी, बाळंतपणात कळा येत असताना या माणसाशी भांडणं केली होती, लांबलचक, एकही अक्षर न अडखळता, आणि याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. हा आपला लवंग चघळत निवृत्त झाला होता.

त्या आठवड्यात सिद्धी डबा विसरून शाळेत गेली. सिद्धी शालनची मुलगी, दुसरीत होती, घरापासून चार गल्ल्यांवरच्या एका शाळेत. सिद्धीही डावरी, पण या शाळेत त्याबद्दल कोणी काही म्हणत नसे. हात कुठलाही चालतो, असं पहिल्याच दिवशी मिसने सांगितलं होतं आणि शालनला त्या दिवशी घरी येऊन एकटीला खूप हसू आलं होतं. डबा घेऊन ती वर्गाच्या व्हरांड्यात पोचली. भिंतीवर एक नवं रंगीत पोस्टर होतं. हसणारी मुलं, हातात हात, खाली इंग्रजीत आणि कन्नडमध्ये लिहिलेलं: प्रत्येक मुलाला सन्मानाने शिकण्याचा हक्क आहे. तीन-चार वर्षांपूर्वी देशाने जगाबरोबर तशा कुठल्याशा करारावर सही केली होती, तिने पेपरात वाचलं होतं. पोस्टरच्या खाली, त्याच भिंतीला तोंड करून, तीन मुलं गुडघ्यांवर बसली होती. हात वर. मधली सिद्धी होती. व्हरांड्याची फरशी खडबडीत होती आणि सिद्धी एक एक गुडघा आळीपाळीने जरासा उचलत होती, कोणाला दिसणार नाही इतकाच. मिस बाहेर आली, तरुण होती, केसांत मोगऱ्याचा गजरा. “स्मॉल थिंग, मॅडम. वहीला ब्राउन पेपर नाही. जस्ट फॉर डिसिप्लिन.” शालनने तोंड उघडलं. सगळं तयार होतं आत, तीस वर्षं तयार होतं. दातांमधून नुसती हवा गेली. मिस हसून वाट बघत होती. शालनला शेवटी जे शब्द सापडले ते असे: “थँक यू, मिस.”

संध्याकाळी सिद्धीच्या गुडघ्यांना खोबरेल लावताना सिद्धीने विचारलं, “आई, तू थँक यू का म्हणालीस?” प्रश्नात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शालन तेल लावत राहिली. तिला टोपी हातात घेतलेला माणूस दिसला, आणि या वेळी ती त्याच्या शेजारी, त्याच्याच उंचीची उभी होती.

दुसऱ्या दिवशी नरसिंहराव आले तेव्हा तिने कपाटातून हात अडकवायची झोळी आणि क्रेप बँडेज काढलं. अमेरिकेत एक नवी पद्धत निघाली होती, कुणीतरी तिला लेखाची झेरॉक्स पाठवली होती: लकव्याच्या पेशंटचा चांगला हात दिवसातले बरेच तास बांधून ठेवायचा, म्हणजे निकामी हाताला काम करणं भाग पडतं. ज्यांची बोटं थोडी तरी हलतात अशांसाठी. ती अट लेखात ठळक छापली होती आणि शालनने तिच्याखाली स्वतःच पेन्सिलने रेघ मारली होती. “विमलाकाकू, आजपासून हा हात बांधायचा,” ती म्हणाली. “घरीसुद्धा. त्यांनी कितीही मागितलं तरी सोडायचा नाही.” “नवं औषध आहे होय?” “नवी पद्धत आहे.” “बांधा की मग. तुम्ही शिकलेल्या.” विमलाबाईने नवऱ्याच्या केसांवरून हात फिरवला. “कातडं तुमच्या ताब्यात, अक्का.” शालनचे हात थांबले. तिने विमलाबाईकडे पाहिलं. पण ती बाई साधेपणाने बोलली होती, गावाकडच्या कुठल्याही बाईने म्हटलं असतं तसं. शालनने हात बांधला. हळुवार. गाठ मागे घेतली. हातातली शीर दबणार नाही याची काळजी घेतली. ते तिच्याकडे बघत होते आणि एकदाही ओढून घेतला नाही त्यांनी हात. इतके आज्ञाधारक. चांगला विद्यार्थी, तिला वाटलं, आणि घशाशी काहीतरी गोड आलं.

तिने समोर खुंट्यांचा फळा ठेवला आणि उजव्या हाताने उचला म्हणून सांगितलं. उजवा हात पडून राहिला. खांदा थोडा वर झाला, खाली आला. ती खुर्ची ओढून समोर बसली. विमलाबाई आठव्या क्रॉसला भाजी आणायला गेली होती. खोलीत पंख्याचा आवाज होता. खांदा वर, खांदा खाली. घाम त्यांच्या कानामागून धोतराच्या काठापर्यंत आला. “हात पुढं,” ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. आवाज बदलला होता, ते काहीतरी मागत होते, आणि काय मागतायत हे तिला कळत होतं. लघवीची बाटली पलीकडच्या स्टुलावर होती. ती उठू शकली असती. बेल हाताशी होती. तिने पाहिलं की धोतरावर आधी एक छोटा डाग आला, मग तो पसरत गेला, मग खुर्चीखाली फरशीवर थेंब. नरसिंहरावांनी डोळे मिटून घेतले.

शालन त्या थेंबांकडे बघत बसली. हे तिने मागितलं होतं. हुबेहूब हेच, कितीतरी वेळा. आणि आता ते समोर असताना तिच्या तोंडात काहीच चव नव्हती. पंख्याने कागद उडत होते. तिला कारण सापडायला थोडा वेळ लागला: या माणसाला माहीत नव्हतं की ही शिक्षा आहे. त्याला वाटत होतं हे औषध आहे. तो सोसत होता, पण बरं होण्यासाठी सोसत होता. शिक्षा झाली ती कशाची, हे भोगणाऱ्याला कळायला हवं. त्याच्या वर्गात ते कधी कळायचं नाही, पण तिला त्याच्यापेक्षा चांगली शिक्षिका व्हायचं होतं. तिने बेल दाबली. गंगव्वा फडकं घेऊन आली, एकदा फरशीकडे, एकदा बांधलेल्या हाताकडे, एकदा शालनकडे बघितलं, आणि पुसायला बसली.

डॉक्टर शेषगिरी दुसऱ्या दिवशी राउंडला आले. त्यांनी झोळी बघितली, उजवी बोटं स्वतः हलवून बघितली. “शालन, बोटं शून्य आहेत. कशासाठी बांधलंस?” ते कन्नडमध्ये विचारत होते, नेहमीसारखे सौम्य. “चाचणी म्हणून, सर.” “घरी किती तास?” विमलाबाई मधेच अभिमानाने म्हणाली, “सगळा दिवस. जेवायलापण मीच भरवते. रडले तरी सोडला नाही.” शेषगिरींनी स्वतः गाठ सोडली. मनगटावर बँडेजची नक्षी उमटली होती. “याला लिहायला शिकव,” ते जाताना म्हणाले. “डाव्या हाताने. मास्तर माणूस आहे. लिहिता आलं तर जगेल.”

तेव्हा तिला ते सुचलं. सुचलं असंही नाही. ते कायमच तिथे होतं, फक्त वळून बघायचं होतं.

बोलता न येणाऱ्या पेशंटला मनातलं लिहिता येत नाही, पण समोरचं बघून उतरवता येतं, आणि उतरवता उतरवता कधी कधी अर्थ परत येतो. आधी रेघा दिल्या, मग गोल, मग सुटी अक्षरं. एका हाताच्या माणसाला कागद धरता येत नाही म्हणून पहिला नियम असा की कागद पक्का करायचा. तिने कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने टेबलाला लावले. नरसिंहराव शिकत होते. झपाट्याने शिकत होते. जीभ दातांत धरून, लहान मुलासारखे. विमलाबाईने एका ‘क’च्या खाली बोट ठेवून डोळे पुसले. “आता नाव लिहितील, होय की नाही?” “आज वाक्य देते,” शालन म्हणाली. “पान भरायचं. तुम्ही बाहेर बसा काकू, गंगव्वाने कॉफी केलीय.” “स्वल्पच घेईन,” विमलाबाई म्हणाली आणि गेली. दार शालनने ओढून घेतलं.

कागदाच्या माथ्यावर तिने उजव्या हाताने, जपून, वाक्य लिहिलं: मी डाव्या हाताने लिहिणार नाही. सुंदर आलं. चौथीत तालुक्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं या अक्षराला, आणि मास्तरांनी डोक्यावर हात ठेवला होता, आणि ती दिवसभर त्या हाताच्या वजनाखाली सुखात चालली होती. ते सुख तिने त्यांना कधीच माफ केलं नव्हतं.

नरसिंहरावांनी पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि उतरवायला लागले. पहिली ओळ चढावर गेली. दुसरी जरा सरळ. अक्षरं म्हणजे त्यांना अजून नुसते आकार होते, पूल आणि खांब आणि आकडे. शालन समोर उभी होती. तिसऱ्या ओळीत ‘डाव्या’ लिहून ते थांबले. पेन्सिल परत माथ्यावरच्या ओळीकडे गेली. पेन्सिल ठेवून त्यांनी तिच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, रेघेवरून, वेलांटीवरून, जसं कोणी आपल्या घराच्या उंबऱ्यावरून फिरवेल. मग वर बघितलं. तिच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या हातांकडे. शालनने त्यांच्या पुढ्यातली पेन्सिल उचलली, उजव्या हातात धरली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती डाव्या हातात घेतली. या हाताने ती सुईत दोरा ओवायची, भाजी चिरायची, पेशंटची बोटं उघडायची; लिहिलं तिने त्या बस्करानंतर कधीच नव्हतं. तिने त्यांच्या वाकड्या ओळींखाली तेच वाक्य लिहिलं. हात त्या वयातच थांबलेला होता. ‘मी’ मोठा झाला, ‘डाव्या’ला नसलेली मात्रा पडली, ‘णा’ उलटा. सात वर्षांच्या मुलीचं अक्षर कागदावर आलं, त्यांच्या अक्षराशेजारी, सख्ख्या भावंडासारखं.

नरसिंहराव त्या ओळीकडे बघत राहिले. चेहऱ्याची डावी बाजू हलली, उजवी हलली नाही, त्यामुळे ते एकाच वेळी समजलेले आणि न समजलेले दिसत होते. ओठ जुळवायला वेळ लागला. “हात,” ते म्हणाले. “हात पुढं.” आणि त्यांचा डावा हात कागदावरून उठला, वळला, तळवा वर झाला. अंगठा त्यांनी आत घेतला नव्हता. ते त्यांना माहीतच नव्हतं.

टेबलावर लाकडी फूटपट्टी होती, ओळी आखायला घेतलेली. शालनने तिच्याकडे बघितलं. तळवा वाट बघत होता, म्हातारा, सुरकुतलेला, खुंट्यांनी मधोमध लाल झालेला. मारलं तर एका क्षणात संपलं असतं. तिला आठवलं, मार मिळाला की मुलं सुटल्यासारखी खाली बसायची. मारानंतर पाढे असायचे, मधली सुट्टी असायची, घरी जाणं असायचं. मार हा शेवट असायचा, आणि या माणसाने आयुष्यभर इतके शेवट वाटले होते की आता स्वतःसाठीही तोच मागत होता. मागायची पद्धत त्याला दुसरी माहीत नव्हती. डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, हेही तिला दिसत होतं.

तिने त्या तळव्यावर पेन्सिल ठेवली आणि बोटं एक एक करून मिटवली.

“मास्तर,” ती म्हणाली, “मी शालन. शालन. पान अजून भरलं नाही.”

‘श’ कुठेच अडकला नाही. दोन्ही वेळा स्वच्छ निघाला, आणि खोलीत त्याचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला. या आवाजात उद्या सकाळी तिला एका व्हरांड्यात, एका पोस्टरखाली जाऊन उभं राहायचं होतं. गजरा घातलेल्या मिसशी बोलायचं होतं, मुख्याध्यापकांशी बोलायचं होतं, सिद्धी शेजारी असताना बोलायचं होतं. पण ते उद्या.

तिने वाकून कागदाच्या एका कोपऱ्याची चिकटपट्टी नखाने सोडवली. मग दुसऱ्या. मग उरलेल्या दोन. पट्ट्या गोळा करून टोपलीत टाकल्या आणि खुर्ची ओढून समोर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. बाहेर विमलाबाई गंगव्वाला काहीतरी सांगून हसत होती. नरसिंहरावांनी मान खाली घातली आणि पुढची ओळ लिहायला घेतली. ‘मी’ लिहिता लिहिता कागद सरकला. ते पेन्सिल घेऊन त्याच्यामागे गेले. कागद आणखी सरकला, टेबलाच्या कडेशी आला. त्यांनी वर बघितलं, आधी कागदाकडे, मग तिच्या मांडीवरच्या हातांकडे.

शालनने कागद धरला नाही.